आई जिंकली त्या मॅचबद्दल

आदरणीय मामा,

साष्टांग नमस्कार. तुमचं बीपी आणि मामीचा गुडघा दोन्ही शांत असतील. (फोनच करणार होतो, पण फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून पत्र.)

तुम्हाला वाटतं मी आखाडा चालवतो. तसं नाही. बॅडमिंटन हॉल भाड्याने घेऊन मी प्रो-रेसलिंगचे शो भरवतो, आणि त्यात गेंड्याचा मॅनेजरही मीच. गेंडा आमचा व्हिलन. एरवी पाळणाघर चालवतो, आवाज इतका मऊ की त्याने माइकवर धमकी दिली तर पब्लिक झोपेल. म्हणून त्याच्या वतीने बढाया मी मारायच्या, लोकांना चिडवायचं, रेफरीचं लक्ष उडवायचं आणि शेवटी हिरोचा मार खायचा. कोण कुणाला कसं पाडणार, सगळं आधी ठरलेलं असतं. फक्त ते बाहेर सांगायचं नाही, घरीसुद्धा नाही, हा धंद्याचा पहिला नियम. मी तो पाळला आणि तिथेच घोळ झाला.

परवाच्या शोला आई न सांगता आली. पहिल्या रांगेत, पर्स मांडीवर. हिरो (चष्म्याच्या दुकानात असतो, सज्जन माणूस) मला आपटत होता, मी ठरल्याप्रमाणे विव्हळत होतो. मग त्याने डोळ्यावर एक ठेवून दिली, आणि रिंगच्या दोरांमधून आई आत. चपला बाहेर काढून. तिने पर्स फिरवली, हिरो आडवा. आता रेफरी काय करेल? कोणी पडलं की मोजायचं, एवढंच त्याच्या अंगात भिनलंय. त्याने तीन मोजले आणि आईचा हात वर केला. अख्खा हॉल उभा राहून "काकू! काकू!" ओरडत होता. गेंड्याला वर्षभरात इतका प्रतिसाद मिळाला नाही, तो बिचारा कोपऱ्यात टाळ्या वाजवत होता.

घरी मी नियम मोडून सगळं सांगितलं, की हे खोटं असतं. ती शांतपणे म्हणाली, "खोट्याने डोळा सुजतो का रे? उद्यापासून नोकरी शोध." तेव्हापासून जेवण वाढते, बोलत नाही.

मामीला नमस्कार.

तुमचा,
भाचा

ता. क. : खरं काम असं. आई फक्त तिच्या दादाचं ऐकते. तुम्ही येऊन तिला एवढंच पटवा की मला हे करू दे. (आणि पुढच्या शोला तीही हवी. हॉलवाला म्हणतो, काकू नसतील तर हॉल नाही.)

ता. क. २ : पाकीट चिकटवणार तोच हिरो माफी मागायला आला. आई त्याला म्हणाली, "याचं खोटं रडणं मी बालवाडीपासून ओळखते. तुझा शेवटचा फटका खरा होता." तो कबूल झाला, हात घसरला म्हणाला. मग दोघं तासभर गप्पा मारत जेवले. आता ती शोला येणार आहे, पण त्याची मॅनेजर म्हणून. पोरगा गुणी आहे, त्याच्या वतीने बोलणारं कोणी नाही, असं तिचं म्हणणं. म्हणजे माइकवर माझ्यासमोर आई. मामा, गेंड्याच्या वतीने मी बोलेन. माझ्या वतीने कोण बोलणार? याल?