एका खाटेवर दोघं

ती. आईस, तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहितो.

मी धडधाकट आहे. तुझे गुडघे कसे आहेत? ताई येऊन जाते ना?

मागे लिहिलं होतं, एका खाटेवर आम्ही दोघं. माझी दिवसाची शिफ्ट, वेल्डरकाकांची रात्रीची. संध्याकाळी ते उठायचे, मी पडायचो. "गादी तापवून ठेवलीय, लाटसाहेब," म्हणायचे.

परवा ते परांचीवरून पडले. मोठ्या दवाखान्यात शिफ्ट केलंय, असं मुकादम म्हणतो. कुठल्या, ते विचारलं की खेकसतो. काकांचा चष्मा अजून उशाशीच आहे, न्यायला कुणी आलं नाही. मुकादमानं मलाही खोली शिफ्ट करायला सांगितलं. मी नाही म्हटलं.

आता खाट ऐसपैस मिळते, काळजी करू नकोस. फक्त आडवं झालं की गादी गार लागते.

तुझा,
धाकटा