टेकडीवरून उतरलेलं घर

हॅलिफॅक्स, ९ मार्च

ती. एदेल्मिराताईस,
सा. न. वि. वि.

इथे अजून बर्फ आहे. आम्ही सगळे बरे आहोत. नाझरेनो येशूच्या कृपेने एक बातमी आहे. इथल्या परिषदेने माझे कागद मान्य केले, आता मुलाखत राहिली. कॉन्सेप्सिओन विद्यापीठाची पदवी आणि तिथली सगळी वर्षं त्यांना पटली, तर मी या देशातही आर्किटेक्ट होईन. नाही पटली, तर आहे तसंच चालायचं. नकाशे मी काढायचे आणि सही माझ्याहून लहान साहेबाने करायची. पन्नाशी आली, ताई. पुन्हा अर्ज करण्याची उमेद राहील असं वाटत नाही.

पहिल्या रेघेपासून शेवटच्या खिळ्यापर्यंत स्वतः उभं केलेलं एक काम दाखवायचं आहे. मी मोठ्या इमारती सोडून आईचं घर दिलं. टेकडीचा उतार, वारा, समुद्राकडची खिडकी, सगळं नकाशात आहे. बाबा भिंतीवर लाकडी कौलं ठोकत होते आणि तू खालून नावं ठेवत होतीस, तेवढं मात्र नाही.

तर फाटकाकडून, सफरचंदाचं झाड दिसेल असा, घराचा आजचा फोटो लगेच पाठव. आईला नमस्कार. ती खिडकीत बसून होड्या बघत असेल.

माया आहे ती तशीच राहू दे.
तुझा बाउदिलिओ


किन्चाओ बेट, २ एप्रिल

चि. बाउदिलिओ यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आईला वाचून दाखवत होते. फोटोपाशी आले आणि थांबले. आईने चुलीत लाकूड सारलं आणि म्हणाली की आता लिहून टाक एकदाचं.

फाटक आहे, झाड आहे. घर तिथे नाही. घाबरू नकोस, पडलेलं नाही. आम्ही ते खाली नेलं.

बाबा गेले आणि आईच्या गुडघ्यांनी दगा दिला. चर्च खाली, घर वर. माझ्याकडे ये म्हटलं तर तिला घर सोडवेना, घरी राहा म्हटलं तर रविवार चुकवेना. मग गावाने मिंगा ठरवली, सगळ्यांनी मिळून हात लावायचा. दारं-खिडक्या उतरवल्या, घराखाली ओंडके सरकवले, बैलजोड्या जुंपल्या आणि अख्खं घर ओढत चर्चशेजारी आणलं. शेजारचे रोसेन्दोकाका बैलांपेक्षा जास्त ओरडत होते. आईने चुलीवरची किटली काही उतरवू दिली नाही. पोचल्यावर झाकण उघडून बघितलं आणि सगळ्यांना ऐकवलं की पाणी सांडलेलं नाही. मग खड्ड्यात शिजवलेले शिंपले, बटाटे आणि पोटभर सफरचंदाची चिचा प्यायला. इथे मजुरी ती एवढीच, ते तू विसरला नसशील.

तुला कळवलं नाही, कारण प्रत्येक पत्रात तू त्या खिडकीबद्दल लिहितोस. ती आता चर्चच्या दाराकडे बघते. आई म्हणायची की तो आला की बघेलच. तू काही आला नाहीस.

जुना फोटो सोबत आहे आणि नवाही. कुठला द्यायचा ते तू ठरव. एवढा शिकलायस, एवढं जमेल.

स्वतःला जप, आणि आमच्यावरचा जीव पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई


हॅलिफॅक्स, १४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून त्या रात्री जेवण गेलं नाही. मला वाटायचं, निदान ती टेकडी तरी मी सोडली तशी आहे. जुनाच फोटो द्यावा असं मनात येऊन गेलं. पण चर्चला लागून असलेल्या घराबद्दल खोटं बोलवेना. दोन्ही दिले.

मुलाखतीला तिघे होते. त्यांतल्या पिकल्या केसांच्या बाईंनी माझ्या नकाशावर आधीच खूण केली होती. घर पायाला आवळलेलं नाही, नुसतं दगडांवर ठेवलंय, ते का, असं त्यांनी विचारलं. मी ते कधी स्वतःला विचारलंच नव्हतं. बाबा तसं बांधायचे, सगळेच तसं बांधतात. मी नवा फोटो पुढे सरकवला आणि म्हणालो की आमच्याकडे घराला उठून जाता आलं पाहिजे. त्यांनी दोन्ही फोटो शेजारी-शेजारी ठेवून पाहिले. मग म्हणाल्या, इथे काय कराल? मी म्हटलं, इथे बोल्टने पक्कं आवळीन. इथे बैल घेऊन कुणी येणार नाही. तिघेही हसले.

गेल्या आठवड्यात उत्तर आलं. ताई, मी झालो.

आज माझ्या नावाचा शिक्का हातात पडला. आईच्या घराचा नकाशा नव्या जागी पुन्हा काढला आणि पहिला शिक्का त्यावर मारला. तिकडे त्याला काही किंमत नाही. चुलीजवळ लाव. खिडकी चर्चकडे आहे, तशीच बरोबर आहे.

प्रार्थनेत माझं नाव घेत जा.
बाउदिलिओ


किन्चाओ बेट, ६ जुलै

चि. बाउदिलिओ यास अनेक आशीर्वाद.

नकाशा मिळाला. आईने आधी शिक्क्यावर बोटाने क्रूस काढला आणि मग रडली. रोसेन्दोकाका बघून गेले. म्हणाले, सगळं ठीक आहे, पण माझे बैल कुठे आहेत?

आईने विचारलं की टेकडी का नाही काढली त्याने. मी म्हटलं, तिथे आता आहे काय, चार दगड. तर माझ्यावर भडकली.

घर ज्यांच्यावर टेकलं होतं ते दगड वर अजून तसेच मांडलेले आहेत. रोसेन्दोकाकांनी कुंपणाला मागितले तेव्हा आईने त्यांना हाकलून दिलं होतं. मला तो म्हातारपणाचा हट्ट वाटला होता. काल कळलं की तू परतलास तर घर टेकवायला म्हणून ते तिने तुझ्यासाठी ठेवलेत.

तू तिकडचा साहेब झालास याचा तिला फार आनंद आहे. फक्त एवढं लिहायला सांगितलंय की तिकडे स्वतःचं घर बांधशील तेव्हा बोल्ट जरा सैल ठेव.

आहोत तिथे तुझेच आहोत.
ताई