शपथ आणि उसळ

ताडकळस
२ एप्रिल १९८५

आदरणीय दादा,

सविनय जयभीम. वि. वि. मी बरी आहे.

आमच्या सेवा मंडळानं ठराव केला, जातिभेद मुळासकट उपटायचा. चौदा तारखेला बालवाडीत सहभोजन आहे. चिटणीस बन्सीधरराव म्हणाले, समतेची शपथ मी वाचायची. नवं पांढरं लुगडं मंडळ देईल. अठ्ठ्याहत्तरला नामांतराच्या दंगलीत घर जाळलं, त्यात तुमचे दाजी गेले. मग किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून मी अक्षरं शिकले. ती याच्यासाठी!

रोज बालवाडीच्या लेकरांची उसळ मीच शिजवते. सहभोजनाला मात्र परभणीहून आचारी येणार. का, असं विचारलं तर म्हणाले, तुम्हाला तेवढाच आराम. वरच्या गल्लीची लेकरं माझ्या हातचं खात नाहीत, कोरडे हरभरे घरी नेतात, हे त्यांना ठाऊक आहे. लय किळस आली. काय करू, कळवा. वहिनींना जयभीम. माया आटू देऊ नका.

तुमची,
सरजा

सेलू
७ एप्रिल १९८५

चि. सरजास,

सप्रेम जयभीम. तुझ्या जिभेपेक्षा मिरची बरी. तरी ऐक. आमच्या कापसाच्या जिनिंगवर कुणी शपथसुद्धा घेत नाही. तुझे मंडळवाले निदान गोड बोलतात. नोकरी गेली तर खाशील काय? शपथ वाच, लुगडं घे, फोटो धाड. वहिनी म्हणते, फोटोत तरी हसावं. जिवाला जप.

तुझा दादा,
नागनाथ

ताडकळस
१७ एप्रिल १९८५

आदरणीय दादा,

सविनय जयभीम.

शपथ वाचली. तिच्यात होतं, एकमेकांच्या हातचं अन्न आम्ही आनंदानं खाऊ. मी पहाटेच उसळ करून ठेवली होती. पहिली वाटी बन्सीधररावांपुढे धरली. ते म्हणाले, आज उपास आहे. शहरातून आलेल्या पाहुण्यांनी पित्ताचं कारण काढलं. घटकाभरानं पाहते तर उपासवाल्यांच्या मिशीला आचाऱ्याच्या जिलेबीचा पाक. फोटोत हसले नाही, वहिनींनी माफ करावं.

काल मंडळाचा कागद आला. मला समता समितीवर घेतलंय. गावोगाव शपथ वाचायची. चूल वरच्या गल्लीतल्या सुमनबाईंकडे, म्हणजे सगळी लेकरं जेवतील, असंही छापलंय. घर जाळायला आले, ते निदान शपथ घेऊन आले नव्हते.

कागद परत केला. पाठीवर लिहिलं, माझी नेमणूक चुलीवर आहे. बालवाडीची किल्ली अजून माझ्याच कमरेला आहे, हरभरा भिजत घातलाय. उद्या सकाळी चूल मीच पेटवणार. मला हुसकायचं असेल त्यानं खुशाल यावं, फक्त उपास सोडून यावं.

रागावलात तरी पत्रं बंद करू नका.

तुमची,
सरजा