आखाजीच्या आधी पट्टा तपासताना

प्रिय अक्का,

रागावू नका, अक्षय्य तृतीया तोंडावर आलीय आणि मी फोन न करता पत्र लिहितेय. फोनवर आधी तुम्ही रडता, मग मी रडते, मग आई आतून विचारतात काय झालं, आणि मुद्दा राहतो बाजूलाच. परवा गल्लीतले चुडामणनाना धुळ्याहून आले ते थेट आपल्या ओट्यावर. पाणीसुद्धा न पिता म्हणाले, "अक्का औंदा आखाजीले येत नही म्हने. मुराळी कोन येनार शे आते, अशी बोलनी." आई उठून गोठ्यात गेल्या, आणि गोठ्यात आता एकही जनावर नाही हे तुम्हाला माहीत आहेच. तुमचं दुःख मला कळतं हो. पाठचा एकुलता भाऊ दिवाळीनंतर बाजार समितीच्या आवारात छातीला हात लावून खाली बसला, तो उठलाच नाही. दर आखाजीला मुराळी होऊन तुम्हाला माहेरी न्यायला धुळ्याला देवपुरात यायचा, त्याच्या जागी दुसरं कोण उभं राहणार, असंच तुम्हाला वाटत असणार. पण तुमच्या निरोपाचं उत्तर देण्याआधी मला गाडीबद्दल सांगायचंय. हसाल तर हसा, मला तुमचं हसू चालेल.

यांची ती बॅटरीवरची मोटारसायकल तेव्हापासून ओसरीत गोणपाटाखाली होती. संक्रांत झाल्यावर मी ती बाहेर काढली. घरात आम्ही दोघी बायका, आईंची औषधं पारोळ्याहून आणायची, दर वेळी कुणाच्या तोंडाकडे बघत बसायचं? स्कूटर मला कॉलेजपासून येते, ही जरा अंगानं जड, एवढंच. पहिल्या दिवशी गावानं दारं उघडून बघितलं, दुसऱ्या दिवशी निम्म्यांनी, आणि आता तर मलाच येताना कोथिंबीर आणायला सांगतात. गाडी धावायची छान, पण जरा जोर दिला की मागच्या चाकाकडून कट् कट् आवाज. हिला इंजिनाची घरघर नाही, त्यामुळे बारीकसारीक कुरकुर लगेच कानावर येते. वाकून पाहिलं तर साखळीऐवजी असतो ना तो दातेरी रबरी पट्टा, मोटरपासून मागच्या चाकापर्यंत गेलेला, तो ढिला पडला होता. आईंचा उपाय तयारच होता, "तेल टाक वं माय, कोरडा शे तो!" तेलाची वाटी घेऊन निघाल्यासुद्धा होत्या. मी हात धरला म्हणून बरं, तेलानं पट्टा खराब होतो म्हणे. त्याला फक्त पाणी आणि मऊ ब्रश, आणि दात्यांत खडा अडकलेला नाही ना एवढं बघायचं.

एवढी शहाणी मी, पण पुढे माती खाल्लीच. मी पिंपळनेरच्या तोताराम गिरणीवाल्याची लेक. आमच्या घरात पट्टा म्हटला की तो ताठच हवा. ढिला पट्टा घसरतो, जातं अडतं, बायका पीठ जाड आलं म्हणून भांडतात. बाबा गिरणीचा पट्टा असा ओढून बसवायचे की चापट मारली तर हाताला झिणझिण्या याव्यात. तेच माझ्या हाडात भिनलेलं. काढले पाने, सैल केले चाकाचे नट, आणि दोन्ही बाजूंचे बोल्ट पिळून पट्टा असा आवळला की बाबांनी पाठ थोपटली असती. दुसऱ्या दिवशी पारोळ्याच्या बाजारातून येताना गाडी लेकरू रडावं तशी किंचाळत होती. किल्ल्याजवळ दोन म्हाताऱ्यांनी रस्ता सोडून हात जोडले. घरी पोचेतो बॅटरीही नेहमीपेक्षा खूप उतरलेली. गाडीबरोबरचं पुस्तक उघडून बघितलं तेव्हा कळलं, इतका आवळला की मोटरच्या आणि चाकाच्या बेअरिंगवर सगळा भार येतो, ती लवकर मरतात. फार सैल ठेवला तर दाता सुटून पट्टा उडी मारतो. त्याला हवा तेवढाच ताण हवा, ना जास्त ना कमी. गिरणीचं शहाणपण गिरणीत.

मग बसले शिकत. गाडी गार असताना स्टँडवर चढवायची, मागचं चाक हलकेच फिरवत राहायचं आणि पट्ट्याच्या मधोमध बोटानं दाबून बघायचं किती लवतो. एकाच जागी बघून भागत नाही, एक जागा नेहमी जरा ताठ निघते, तिथला ताण धरून बाकीचं ठरवायचं. दोन्ही बाजूंचे बोल्ट सारखे फिरवायचे, खुणा आहेत त्यासाठी. मी पहिल्यांदा एका बाजूला जास्त फिरवला, तर पट्टा कडेला सरकला, आणि मी अंगणात बसून शिव्या दिल्या. कुणाला ते विचारू नका. नट आवळल्यावर पुन्हा दाबून बघायचं, कारण आवळतानाच ताण बदलतो. आता जमतं. मागे माणूस बसवून कशी चालते हेही बघायचं होतं, म्हणून आईंना बसवून मुकटीपर्यंत जाऊन आले. जाताना त्यांनी माझी कंबर अशी धरली की श्वास कोंडला. येताना म्हणाल्या, जरा जोरात चालव. पट्ट्यानं हूं की चूं केलं नाही.

पट्टा तपासताना हे फार आठवतात, अक्का. आखाजीच्या आदल्या दिवशी तुम्हाला आणायला निघायच्या आधी ते याच जागी उकिडवे बसलेले असायचे. मी चहा घेऊन यायची, तो गार व्हायचा. मी चिडले की म्हणायचे, "मांगे अक्का बसनार शे, पट्टा तपासनाच पडी." मी बसायची तेव्हा नाही तपासायचे हो कधी! मी टोमणा मारायची आणि ते नुसते हसायचे. तुम्ही यायच्या मांडीवर सांजोऱ्यांचा डबा धरून, उतरता उतरता त्यांना रागवत, की या गाडीचा आवाजच येत नाही, म्हशी बाजूला होत नाहीत. तुमचा आवाज ऐकून तर शेजारच्यासुद्धा व्हायच्या. मला तुमची फार आठवण येते. तुम्ही आलात की या घरात कुणीतरी मोठ्यानं बोलायचं.

आता हे सगळं कशासाठी लिहिलं ते सांगते. यंदा वर्षाच्या आत सण नाही, झोका नाही, मला ठाऊक आहे. पण आखाजीला त्यांच्या नावाची पहिली घागर भरायची आहे, आणि आपल्याकडे भरताना गेलेल्या माणसाचं नाव मोठ्यानं घेतात. तुम्ही घ्याल का, असं मी आईंना हळूच विचारलं. त्यांनी तोंड उघडलं आणि नुसता श्वास बाहेर आला. हे गेले त्या दिवसापासून ते नाव त्यांच्या तोंडून निघालेलं नाही. आणि मी, भर बाजारातून मोटारसायकल हाकणारी, लग्नातल्या उखाण्याशिवाय ते नाव कधी घेतलं नाही. मला ते फक्त 'अहो' होते. परवा दार लावून एकटीनं म्हणून बघितलं, तर कुणा परक्या माणसाचं वाटलं आणि मलाच भीती वाटली. तुम्ही मात्र त्यांना पाळण्यात असल्यापासून त्याच नावानं हाक मारलीत, त्याच नावानं रागावलात. आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी मी देवपुरात तुमच्या दारात येतेय. यंदाची मुराळी मी, चालवून घ्या. चला माझ्याबरोबर, आणि घागरीसमोर बसून त्यांना एकदा नावानं हाक मारा, अक्का. या घरात त्यांना कुणी हाक मारून फार दिवस झाले.

तुमचीच,
मयुरी