शाखाध्यक्षाचा घटनात्मक सूड

२ जानेवारी
परिपत्रक आलं. कुलूप-किल्ली कारागीर संघटनेच्या तेवीसच्या तेवीस शाखा ३१ मार्चअखेर बंद. शाखाध्यक्ष हे पदच रद्द. यापुढे प्रत्येक कारागीर थेट मध्यवर्ती सभासद. शाखांऐवजी 'विषय-गट': गाडीचे लॉक, तिजोऱ्या, इलेक्ट्रॉनिक. कुठल्याही गावचा माणूस कुठल्याही गटात, बैठका फोनवर.
खाली सही मध्यवर्ती अध्यक्षाची. म्हणजे माझ्या मेहुण्याची. ज्याला कानस कशी धरायची ते मी शिकवलं.
एकोणीस वर्षं शाखाध्यक्ष आहे मी. सूड घेणार. पण शांतपणे, घटनेच्या चौकटीत.

३ जानेवारी, सकाळी ७
घटना वाचली. कलम चौदा: शाखेच्या दोन तृतीयांश सभासदांनी ठराव केल्याशिवाय शाखा बरखास्त करता येत नाही. मेहुणा मेला.
हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, तो माझा भाऊ आहे, शब्द जपून वापरा. मग म्हणाली, दूध उतू जातंय.

११ जानेवारी, शनिवार
निषेध सभा. सभासद अकरा, कोरम सात. हजर तीन: मी, तिजोरीकाका आणि गाडीवाली. तिजोरीकाका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, माझं प्रास्ताविक सुरू होताच झोपले. झोपलेला सभासद विरोधात नाही असं मी धरतो.
गाडीवाली गाड्यांच्या किल्ल्या बनवते. तिने विचारलं, आठ वर्षांत शाखेने मला काय दिलं? मी सांगितलं: सहा शोकप्रस्ताव, दर वर्षी एक कॅलेंडर, सगळ्या सभांची इतिवृत्तं. ती म्हणाली, एका नव्या गाडीची किल्ली जमत नव्हती म्हणून तुम्हाला तीनदा फोन केला, तुम्ही लेखी अर्ज करा म्हणालात. नव्या गटात विचारलं तर कुठल्याशा अनोळखी बाईने अकरा मिनिटांत उत्तर दिलं.
मुद्दा विषयपत्रिकेत नसल्याने फेटाळला. तिचं नाव मनात लिहून ठेवलं आहे.

१९ जानेवारी
नवी चाल. समांतर संघटना. नाव ठरवायला तीन दिवस लागले, 'मूळ' हा शब्द आधी घ्यावा की नंतर. संस्थापक-अध्यक्ष मी, सरचिटणीस ही. हिला संध्याकाळी कळवलं. हिने भाजी निवडता निवडता राजीनामा दिला. स्वीकारलेला नाही.

२ फेब्रुवारी, रविवार
मेहुणा जेवायला आला. त्याच्याशी बोलायचं नाही असा ठराव मी सकाळीच केला होता. त्यामुळे सगळा पत्रव्यवहार हिच्यामार्फत. आमटी वाढ म्हणायचं तरी 'तुझ्या भावाला सांग, वाटी सरकव.' तो दोन फुटांवर.
त्याने न्हाणीघराच्या दाराची कडी नीट केली. मीच करणार होतो, दोन वर्षांपासून डोक्यात आहे. मग म्हणाला, भावोजी, तिजोऱ्यांचा गट तुम्ही सांभाळा, जुन्या लॉकमधलं तुमच्याइतकं कुणाला कळत नाही. मी हिला म्हणालो, त्याला सांग मी भीक घेत नाही. तो म्हणाला, ऐकू आलं.
जाताना पाया पडला. घाईत आशीर्वाद दिला गेला. तो घटनाबाह्य समजावा.

२० फेब्रुवारी
बातमी आहे की मध्यवर्तीचा माणूस शाखेचं दप्तर न्यायला येणार. एकोणीस वर्षांची इतिवृत्तं, माझ्या अक्षरातली. तो लाँड्रीवरच्या शाखेच्या खोलीचा जिना चढणार आणि थबकणार. कारण मी स्वतः बनवलेलं सहा लिव्हरचं कुलूप आज दाराला लावलं. तीन आठवडे त्यात गेले. शाखेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकला, खाली लिहिलं: 'हिंमत असेल तर.'
बरं वाटलं. खूप दिवसांनी भूक लागली.

२२ फेब्रुवारी, शनिवार
माझ्याखेरीज दहाच्या दहा सभासद आले. एवढी हजेरी शाखेच्या इतिहासात नाही. मला वाटलं कुलूप राखायला आलेत.
उघडायला आले होते. किल्लीवाल्यांना 'हिंमत असेल तर' असं लिहायला नको होतं. हे आता लक्षात येतंय.
गाडीवालीला चार मिनिटं लागली. ती बाजूला झाली, कुलूप पुन्हा लावलं, पुढचा वाकला. तिजोरीकाकांनी डोळे मिटून, नुसत्या बोटांनी चाचपत चाळीस सेकंदांत उघडलं. लाँड्रीवाला खालून वर येऊन वेळ मोजत होता. काका म्हणाले, चौथा लिव्हर सुंदर बसवलायस, तिथे मी फसलो होतो. कुणी तरी टाळ्या वाजवल्या.
मी चेहरा कठोर ठेवला. दप्तराकडे कुणी बघितलंही नाही.

१ मार्च, शनिवार
आठ लिव्हरचं लावलं. एक मिनिट दहा सेकंद. बाकीचेही आपापली कुलपं घेऊन आले होते, जिन्यात मांडून बसले. मी सभा सुरू करायला सांगितली. कुणी तरी मला सरकायला सांगितलं, उजेड अडतो म्हणून.

८ मार्च, शनिवार
पुन्हा सगळे. शेजारच्या शाखेतलेही दोघं आले. आता चित्र स्पष्ट आहे: सभासद माझ्याभोवती एकवटतायत. दर शनिवारी न बोलावता येतात याचा दुसरा अर्थच होत नाही. लोखंड तापलंय. पुढच्या शनिवारी कलम चौदा बाहेर काढतो. ठराव पडला की त्याची प्रत मेहुण्याला, रजिस्टर पोस्टाने. हिने कमी पैशांत व्हॉट्सअ‍ॅप होईल म्हटलं. सूड व्हॉट्सअ‍ॅपवर घेत नाहीत.

१५ मार्च, शनिवार, दुपारी ३
कोरम पूर्ण. मी खुर्चीवर उभा राहून ठराव वाचला: शाखा बरखास्त करावी काय? अनुकूल असणाऱ्यांनी हात वर करावेत. मग आवाज चढवून म्हणालो, विचार करून.
दहा हात वर. एकाच्या हातात पेचकस होता. तिजोरीकाकांनी अनुमोदन दिलं, या वेळी पूर्ण जागे. मी हरकतीचा मुद्दा मांडायला हात वर केला. तोही मोजला गेला.
एकमताने मंजूर.
मी विचारलं, मग इथे दर शनिवारी कशाला येता? गाडीवाली म्हणाली, कुलपं उघडायला. आणि म्हणाली, तुम्ही पण या.

१७ मार्च
जेवलो नाही. हिने आग्रह केला नाही. हाही कट असावा.

३१ मार्च
शाखेचा शेवटचा दिवस. शेवटचं परिपत्रक. मेहुणा लिहितो: विषय-गट फोनवर चालतील, पण आमचा एक अंदाज चुकला. फोनवर उत्तर मिळतं, सोबत मिळत नाही. म्हणून ज्या गावात सभासदांना हवं तिथे शनिवारी एक खोली उघडी राहील. अध्यक्ष नाही, इतिवृत्त नाही, फक्त एक नवं कुलूप आणि ते उघडायला आलेली माणसं. ही कल्पना 'एका गावात आपोआप' सुचली.
आपोआप. सहा लिव्हर मी घासले. तीन आठवडे. आपोआप.
त्याला पत्र लिहायला घेतलं. 'प्रिय' खोडलं. 'माननीय' खोडलं. तिसरा शब्द हिच्यासमोर लिहिता येईना.
हिनेच फोन लावून माझ्या कानाला धरला. मी म्हणालो, माझं नाव का नाही? तो म्हणाला, भावोजी, घालणार होतो. पण तुम्ही ते कुलूप आम्हाला बाहेर ठेवायला लावलं होतं, असं ताई म्हणाली.
मी फोन हिच्या हातात परत दिला. खरं होतं म्हणून नव्हे.

५ एप्रिल, शनिवार
गेलो. दप्तर घरी आणायचं म्हणून गेलो. माझी खुर्ची कोपऱ्यात होती, तिच्यावर कुणाच्या तरी पिशव्या. तिजोरीकाका बाकावर सरकले, तिथे बसलो.
आजचं कुलूप इलेक्ट्रॉनिक होतं. दातेरी किल्लीच नाही. पाऊण तास झटलो. शेवटी गाडीवालीला विचारावं लागलं. तिने लेखी अर्ज मागितला नाही. दाखवलं, मला कळलं नाही, तिने पुन्हा दाखवलं.
घरी आल्यावर ही म्हणाली, दप्तर कुठंय. राहिलं म्हटलं.
पुढच्या शनिवारी आणतो. साडेनऊलाच निघायला हवं. उशीर झाला की बाकावर जागा राहत नाही.