कला-इतिहास विभागातील एकमेव विद्यार्थिनीस सोडण्याबाबत

प्रति,
मा. कुलसचिव,
विद्यापीठ कार्यालय, मुख्य इमारत.

विषय : प्रथम वर्षाच्या विद्यार्थिनीस इतिहास विभागात जाऊ देण्याबाबत.

संदर्भ : तिच्या अर्जावर प्रवेश कक्षाने मारलेला शेरा : "मूळ विभागात तास झाले असल्याने बदल करता येत नाही."

महोदय,

१. वरील विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, मी कला-इतिहास विभागाचा प्रमुख आहे. सहकारी बाई उन्हाळ्यात निवृत्त होऊन मुलीकडे राहायला गेल्या, त्यामुळे विभागात आता अध्यापकही मीच आहे. सत्रारंभाची विभागीय बैठक नियमानुसार घेतली. अध्यक्षस्थानी मी होतो, सदस्य म्हणून मीच हजर होतो. मागील इतिवृत्त एकमताने मंजूर झाले.

२. पहिल्या दिवशी नव्या विद्यार्थ्यांसाठी मोठ्या खोलीत खुर्च्या मांडून घेतल्या. एकच मुलगी आली. आमचे शिपाईमामा, जे अर्धा दिवस भूगोल विभागाकडे असतात, दारातून म्हणाले, "सर, बाकीच्या उचलू का?" थोडे थांबू, असे मी सांगितले. नंतर त्यांनी न विचारताच उचलल्या.

३. त्या मुलीने विचारले, "सर, इतिहासाचा वर्ग हाच ना?" प्रवेशाच्या यादीत 'कला-इतिहास' वाचून तिला कला शाखेतला इतिहास वाटला होता. मी तत्काळ चूक समजावून चिठ्ठीसह तिला प्रवेश कक्षात पाठवले. तेथे तिला सांगण्यात आले की संगणक बंद आहे, पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यातही तेच. परत येऊन ती म्हणाली, "तोवर इथेच बसू का? घरी सांगून आलेय, वर्ग सुरू झालेत म्हणून." मी बसवून घेतले. समोर येऊन बसलेल्या विद्यार्थ्यास शिकवू नये, असा नियम माझ्या पाहण्यात नाही. त्या दिवशी तास संपल्यावर माझा घसा दुखू लागला. पत्नी गेल्यापासून घरी बोलण्याचे कारण पडत नाही, आणि सुट्टी लांबली होती.

४. वर्गात काय झाले हे कार्यालयाने विचारलेले नाही, तरी नमूद करतो. मी दरवर्षी एक जुने चित्र पडद्यावर लावतो. त्यात एक बाई घागर घेऊन जिना उतरते आहे. तासभर शैली, रंग, काळ असे सांगून झाले की शेवटी विचारतो, घागर भरलेली आहे की रिकामी. गेली काही वर्षे उत्तर मलाच द्यावे लागे. ही मुलगी मी विचारण्याआधीच म्हणाली, "रिकामी आहे सर. भरलेली असती तर तिने भिंतीला हात लावला असता." मी पुढचे चित्र लावायला उठलो, पण बराच वेळ लावले नाही. त्यानंतर ती रोज आली. मीही इस्त्रीचा सदरा घालून येऊ लागलो.

५. गेल्या आठवड्यात तिचे मोठे भाऊ भेटायला आले. आईवडिलांमागे त्यांनी आणि वहिनीनेच तिला वाढवले आहे. ते नम्रपणे बोलले. "सर, ती घरी तुमच्याच वर्गाचं सांगत असते. आमच्या छोटीला म्हणते, नुसतं बघू नको, नीट बघ. पण तिला शाळेत इतिहास शिकवायचाय. मुलाखतीत म्हणतील, ही पदवी आमच्यात बसत नाही. मग मी कुणाच्या दारात जाऊ?" मी चहा मागवला. मुलीला विचारले, तर ती खाली बघून म्हणाली, "मला दोन्ही हवंय सर. पण दादाला नाही म्हणवत नाही." तिचे वर्ष वाया जाऊ नये, असे माझेही मत आहे.

६. प्रवेश कक्षातील लिपिकांनी मला बाजूला घेऊन मार्ग सुचवला. मुदतीनंतर विभाग बदलायचा तर मूळ विभागात एकही तास झालेला नसावा. "लिहून द्या सर, वर्ग भरलाच नाही. कोण बघायला येतंय?" कोणी येत नाही, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. मात्र ज्या विभागात पहिल्या सत्रात तास होत नाहीत, तो पुढील वर्षापासून बंद होतो, हाही नियम आपलाच आहे. तो मी वाचला आहे.

७. तरी विनंती की, झालेले तास झाले असे मानून तिला इतिहास विभागात जाऊ द्यावे. नियमात हे बसत नसल्यास सोबतचे प्रमाणपत्र वापरावे. त्यातील मजकूर खोटा आहे. तो खोटा असल्याचे कार्यालयात निदान एका माणसाला ठाऊक असावे, एवढ्यासाठीच हा अर्ज केला आहे. मुलीला याबद्दल काही सांगू नये. सोमवारपासून तिने नव्या वर्गात बसावे, असे मी तिला सांगून ठेवले आहे.

कळावे.

आपला नम्र,
(सही)
प्रमुख व अध्यापक, कला-इतिहास विभाग

दिनांक : १८ सप्टेंबर

सोबत :
१. विद्यार्थिनीचा अर्ज, भावाच्या सहीसह.
२. विभागात या सत्रात एकही तास न झाल्याचे प्रमाणपत्र. सही केली आहे. तारीख कृपया आपण घालावी.