पिंडरांचं फाटक

कॉव्हेंट्री
३ मार्च २०२५

चि. वीर यास,

अनेक उत्तम आशीर्वाद. तुझं कार्ड पोचलं. पुढे बोटीचं चित्र, मागे चार ओळी, त्यातली एक हवामानाबद्दल. याहून माझे पेशंट जास्त बोलायचे, तेही तोंडात थर्मामीटर असताना.

काम आहे. तुझ्या ताईचं, अनुयाचं लग्न १९ जुलैला ठरलं. मुलगा टॉम पिंडर, ब्रिस्टलला तिच्याच ऑफिसातला, विमानांचे पंख डिझाइन करतो. चांगला वाटला, कारल्याची भाजी दुसऱ्यांदा मागून घेतली. पण आपल्या घरच्या पत्रिकेत दोन्हीकडचं मूळ गाव आणि कुलदैवत छापतात. त्याला विचारलं तर खांदे उडवून म्हणाला, जस्ट अ नेम. अनुया म्हणते जागा रिकामी सोड. मग मुलाकडे कोणी माणसंच नाहीत असं दिसेल. देवळात तर पिंडर हे नाव ऐकून सगळे मला विचारतात, जावई पंजाबी का?

पूर्वी स्थळाची चौकशी मुलीचा भाऊ करायचा. गावात जायचं, चहा प्यायचा, चार घरी बसायचं. तू नाहीतरी एका जागी दोन आठवडे टिकत नाहीस, तर या निमित्ताने भटक. पत्रिका एप्रिल संपता संपता छापायला जाईल.

आता दुसरं. दोन वर्षांपूर्वी तू युनिव्हर्सिटी सोडलीस तेव्हा तुझा बाप म्हणाला, डिग्रीशिवाय या घरात पाऊल टाकू नकोस. तू म्हणालास, बाबांनी स्वतः बोलावल्याशिवाय टाकणार नाही. दोघेही शब्दाचे पक्के, हे माझं दुर्दैव. पण कानपिळीला नवरीचा भाऊच लागतो. टॉमचा कान कोण पिळणार, असं अनुया मला विचारते आणि मी टीव्हीचा आवाज वाढवते.

मोजे पाठवलेत, ओले घालू नकोस. उत्तर पत्रानेच दे. फोनवर तू नुसता अंगठा दाखवतोस.

तुझी,
आजी

स्किप्टन, बोटयार्ड
२२ मार्च

ती. आजीस,

वीरचा सा. न. वि. वि. मोजे मिळाले. एक मी घालतो, एक इथला कुत्रा घेऊन गेला.

उशीर झाला कारण मी लायब्ररीत गेलो आणि आडनावांचा कोश पिंडरऐवजी एफवर उघडला. तिथे फ्यूस्टर निघाला. आजी, हा माणूस फक्त घोड्याच्या खोगिराची लाकडी चौकट बनवायचा. आयुष्यभर तेवढंच. मग खोगिरं कशी बनतात ते वाचण्यात शनिवार गेला.

तर पिंडर. जुन्या इंग्लिशमध्ये कोंडणं या अर्थाचा एक शब्द होता, त्यातून आलंय. कोणाची गाय, डुक्कर, मेंढी सुटून दुसऱ्याच्या शेतात शिरली की तिला पकडून गावच्या वाड्यात कोंडणारा माणूस. म्हणजे तू लहानपणी सांगायचीस तो कोंडवाडा, अगदी तोच! मला वाटायचं ते फक्त तुमच्या गावात असतं.

लायब्ररीतल्या बाईंनी मला जुन्या शिरगणतीत पिंडर कुठे किती होते त्याचा नकाशा दाखवला. यॉर्कशायर आणि लिंकनशायर गडद, खाली ब्रिस्टलकडे जवळजवळ कोरं. मी विचारलं, एवढं कमी का? त्या म्हणाल्या की लोहार सगळ्यांना हवा असतो, म्हणून स्मिथ पोत्याने मिळतात. हा माणूस गावाला एक पुरे, आणि तोही कोणाला आवडायचा नाही.

म्हणून विचारतो, पत्रिकेसाठी हे चालेल ना? दुसऱ्याची जनावरं धरणारे. अनुयाताईला मी अजून सांगितलेलं नाही.

टॉमचे आजोबा, टेड पिंडर, लिंकनशायरमधल्या हेदरबी गावात राहतात. टॉमचे वडील तो चार वर्षांचा असताना गेले, त्यामुळे मधला धागा तुटला असं टॉम फोनवर म्हणाला. मी तिकडे जातोय. पत्ता मागे लिहिलाय.

बाबांबद्दल काही लिहीत नाही. लिहायला बसलो की उठून बोट रंगवायला जातो. या पत्रात दोन बोटी झाल्या.

आशीर्वाद असू दे, आणि जमलं तर अजून एक मोजा.

वीर

कॉव्हेंट्री
३० मार्च

चि. वीर यास,

अनेक आशीर्वाद. चालेल म्हणजे काय, धावेल. माझे वडील हेडमास्तर, आणि आमची म्हैस वर्षातून चारदा कोंडवाड्यात. माणूस पाठवून चालायचं नाही, मालकानेच जावं लागायचं. अण्णा कोट घालून जायचे आणि येताना रस्ताभर तिच्याशी बोलत यायचे. एवढं ते आमच्याशी कधी बोलले नाहीत.

एक गंमत सांगते. तुझा बाप दर रविवारी मिल्टन कीन्सहून माझ्याकडे जेवायला येतो. तुझं पत्र मी पेपरखाली ठेवते. तो गेल्यावर बघते तर घडी वेगळी असते. तोंडाने मात्र फक्त एम-वनवरच्या ट्रॅफिकबद्दल बोलतो.

कुलदैवताचं विसरू नकोस. टेडना माझा नमस्कार सांग आणि त्यांच्यासमोर नीट जेव.

आजी

हेदरबी
२० एप्रिल

ती. आजीस,

सा. न. वि. वि. मी इथे येऊन सतरा दिवस झाले, हे आधी सांगतो कारण तुला खरं वाटणार नाही.

टेड चौऱ्याऐंशीचे आहेत. तुझा नमस्कार पोचवला तर त्यांनी टोपी काढली. कुलदैवत समजावताना माझी पुरती वाट लागली. शेवटी म्हणालो, घरात काही चांगलं व्हायचं असलं की तुमची माणसं आधी कुठे जाऊन उभी राहतात? ते चर्च म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी काठी घेतली आणि मला गावाच्या टोकाला नेलं.

तिथे त्यांच्या पणजोबांचा कोंडवाडा आहे. छातीइतकी उंच, विटांची गोल भिंत, आत खाजकुइली माजलेली, आणि एक फाटक. पिंडरांच्या घरात लग्न झालं की नवरा-नवरी आधी येऊन ते फाटक उघडतात आणि लावतात. टॉमच्या आईवडिलांचा तिथला फोटो आहे. टॉमला तो कोणी दाखवलाच नव्हता. मी पाठवला. त्याचा लगेच फोन आला, ते फाटक अजून उघडतं का विचारायला.

टेड सांगत होते की कोंडलेल्या जनावराला पिंडरने चारा-पाणी द्यायचं, मारायचं नाही. मालक यायचा आणि जनावरावर ओरडायचा. तेव्हा पणजोबा सगळ्यांना एकच सांगायचे, की जनावर सुटलं तर आधी कुंपण बघ. मी विचारलं, मालक आलाच नाही तर? ते म्हणाले, कोणी ना कोणी यायचंच. उशिरा, मान खाली घालून. ओळख पटवायला खुणा सांगायच्या, शिंग, ठिपका, जुनी जखम. ज्याचं असेल त्याला बरोबर आठवायच्या.

मग मी आलोच आहे म्हणून खाजकुइली काढली. फाटक गंजलेलं होतं, ते घासलं, आता हिरवा रंग देतोय. जुलैत अनुयाताई इथे येईल तेव्हा तिचा हात काळा होऊ नये. मी असो नसो.

हे सगळं पत्रिकेत बसेल का ते तू बघ. माया आहेच, थोडी डब्यात भरून पाठव.

वीर

मिल्टन कीन्स
२८ एप्रिल

चि. वीर यास,

आशीर्वाद. मराठीत पत्र लिहून तीस वर्षं झाली. चुका आजी काढेल.

तुझी पत्रं मी पेपरखालून वाचत होतो. शेवटचं तिने पेपरखाली ठेवलं नाही. जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं आणि मग मला वरण वाढलं.

शनिवारी ३ तारखेला अकरापर्यंत हेदरबीला पोचतो. टेडना सांग की मालक स्वतः येतोय. खुणा विचारल्या तर तयारी असावी म्हणून लिहून ठेवतो. उजव्या भुवईत पांढरी रेघ, तीन टाके. तू सहा वर्षांचा होतास, मी तुला रेडवेवर, आपल्याकडच्या त्या लाल सायकलवाटेवर, सायकल शिकवत होतो. तू हँडल वाकडं केलंस म्हणून पडलास, असं मी घरी सांगितलं आणि तुलाही तेच सांगत आलो. तसं झालं नव्हतं. माझा फोन वाजला आणि मी सीट सोडली. हे तुझ्या आईलाही माहीत नाही.

पत्रिकेचं प्रूफ सोबत आणतो. मुलाकडची जागा भरली आहे. मूळ गाव हेदरबी, आणि वर आजीने 'श्री फाटक प्रसन्न' लिहिलंय, ती ऐकत नाही. आपल्या बाजूला सगळ्यांच्या नावांपुढे डिग्र्या होत्या. मी सगळ्यांच्या काढायला लावल्या, आजीचीसुद्धा. दोन दिवस ती माझ्याशी बोलत नाहीये. नवरीचा भाऊ म्हणून तुझं नाव आहे.

घरी चल. रंग ओला असला तरी फाटक मीच उघडेन.

तुझा,
बाबा